मेघोलीची ती रात्र

पावसाळ्यात कोल्हापुरात जो भेटेल तो विचारतो, "पाणी किती फुटावर?" उत्तर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावरून येतं, तिथं पाण्याची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली. चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी घरं सोडली, पुणे-बंगळूर हायवे बंद पडला. नुकसान अफाट झालं. पण नदी इंचाइंचानं चढते. जनावरं सोडायला, म्हाताऱ्या माणसांना हलवायला थोडा तरी वेळ मिळतो.

त्या पुरानंतर सव्वा महिन्यानं, १ सप्टेंबरच्या रात्री, भुदरगड तालुक्यात मेघोलीचा तलाव फुटला.

लोक तलाव म्हणतात, म्हणून ऐकायला लहान वाटतं. पण डोंगराच्या कुशीत मातीची भिंत घालून अडवलेलं ते पावसाळाभराचं पाणी होतं, आणि ते अंधारात एकदम ओढ्यात उतरलं. नवले गावातली एक महिला त्यात गेली. जनावरं गेली. काठाकाठानं भात आणि ऊस आडवा करत लोंढा वेदगंगेकडे धावला.

मातीच्या भिंतीतून थोडं पाणी पाझरतंच. ते नितळ आहे की गढूळ, हे बघायचं असतं. गढूळ आलं, की समजायचं, भिंतीची माती पाण्याबरोबर बाहेर पडतेय. आत पोकळी धरते, ती तलावाच्या बाजूला सरकत जाते, आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत अचानक बसते. मेघोलीच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून बोलत होते. दोनच वर्षांपूर्वी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसं गेली होती. तेही मातीचंच.

पाझराचं पाणी ओंजळीत धरून रोज बघणारा एक माणूस प्रत्येक तलावावर हवाच. आणि त्यानं फोन केला, तर रात्रीसुद्धा तो उचलणारं कुणीतरी हवं.

पंचगंगेचा पूर ओसरला, की शेतात गाळ राहतो. पीक कुजतं, पण माती जागेवर असते. धरणाचा लोंढा मातीच खरवडून नेतो. मागं उरतात दगडगोटे आणि मुरूम. त्यावर बाहेरून माती आणून पसरायची, दगड वेचायचे, बांध पुन्हा घालायचे. अर्ध्या एकराच्या खाचरालासुद्धा त्यात किती ट्रॉल्या माती लागते, ते ज्यानं ओतलीय त्याला विचारा.