निळ्या डागाचा माग

(अंधारं हँगर. दार सरकवल्याचा आवाज. पिवळ्या विमानाचं नाक हळूहळू उजेडात येतं.)

दार उघडलं की आधी वास येतो. विमान दिसतं त्यानंतर.

रात्रभर बंद हँगरमध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या विमानाला स्वतःचा वास असतोच. तेलाचा, रबराचा, कापड ताणून घट्ट करायला त्यावर चढवलेल्या डोप नावाच्या लॅकरचा. रोज येणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही. आज मात्र त्यात कच्च्या पेट्रोलचा वास मिसळलाय, आणि मेकॅनिक दारातच थांबलाय. दिव्याच्या बटणाला त्याने हात लावलेला नाही. आधी दोन्ही दारं सताड उघडायची, वारा खेळू द्यायचा, मग आत पाऊल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचून राहते आणि ठिणगीची वाट बघते. विमानाचं पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे ‘आज गारठा आहे, चालेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

(विमानाचं पोट. कापडावर नाण्याएवढा फिकट निळा डाग.)

हा तो डाग. निळा का? कारण आज छोट्या पिस्टन विमानांत सर्रास वापरलं जाणारं इंधन, हंड्रेड लो लेड (कमी शिशाचं विमानाचं पेट्रोल), मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. पूर्वी मिळणारं ८०/८७ दर्जाचं पेट्रोल लाल होतं, १००/१३० दर्जाचं हिरवं. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो. गळती शोधणाऱ्याला एवढा फुकटचा साक्षीदार दुसरा नाही. जुन्या विमानाच्या नळ्यांवर कधीकधी निळ्याखाली लालसर थरही सापडतो. म्हणजे ती जागा फार पूर्वीही एकदा गळून गेलेली असते.

हे विमान पायपर जे-३ कब. १९४७ पर्यंत अशी जवळपास २० हजार विमानं बनली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, पुढे ६५ अश्वशक्तीचं इंजिन. इंधनाची व्यवस्था इतकी साधी, की पाचवीतल्या मुलालाही काढून दाखवता येईल. इंजिनामागच्या लोखंडी पडद्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या मागे, पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे सुमारे ४५ लिटरची टाकी. टाकीखाली इंधन चालू-बंद करणारा कॉक. कॉकपासून एक ॲल्युमिनियमची नळी फायरवॉलमधून पलीकडे. तिथे काचेची वाटी, तिच्यात पाणी आणि कचरा खाली बसतो. वाटीतून पुढे कार्बोरेटर. पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. किती इंधन उरलंय हे सांगायला टाकीच्या झाकणातून वर आलेली तार, आणि तारेच्या खालच्या टोकाला तरंगणारा बुचाचा तुकडा.

एवढ्या साध्या व्यवस्थेत गळती शोधायला कितीसा वेळ लागणार? हा प्रश्न ज्याने कधी गळती शोधलेली नाही, तोच विचारतो.

(काचेच्या वाटीचा जवळून घेतलेला शॉट. तळाशी एक थेंब जमतो, लोंबतो, पडतो.)

थेंब वाटीखाली पडतोय, म्हणजे वाटीच गळतेय. बघणाऱ्याला हेच वाटतं, आणि वाटण्यासारखंही आहे. वाटी आणि तिच्या टोपणामध्ये एक गास्केट असतं. पूर्वी ते बुचाचं असे. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की बूच वाळतं, आक्रसतं आणि पाझरू लागतं. म्हणून हात आपोआप तिकडेच जातो: चकती सैल होऊ नये म्हणून पिळलेली सेफ्टी वायर काप, खालची चकती आणखी आवळ, नवी वायर पिळ, झालं. काही वेळा खरंच तेवढ्याने भागतं. पण पुष्कळदा हा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातलाच असतो. वर आवळण्याच्या भरात काच तडकली, तर एका गळतीच्या दोन होतात.

पातळ इंधन सुटलं की नळीच्या अंगावरून ओघळत जातं. वाटेत वाकण आलं, नट आला, पट्टी आली तरी थांबत नाही. जिथून पुढे जायला जागाच नाही, तिथे ते थेंब होऊन लोंबतं. आपल्याला दिसतो तो त्या प्रवासाचा शेवटचा थांबा. त्यात उडताना पंख्याच्या वाऱ्याने तोच ओघळ मागे ढकलला जातो, आणि काऊलिंगमधल्या, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणातल्या गळतीचा डाग पार पोटाखाली उमटतो. शिवाय कब मागच्या चाकावर बसतं. जमिनीवर त्याचं नाक वर असतं, हवेत ते सपाट होतं. उतारच बदलतो, तर ओघळाची वाट का बदलणार नाही? म्हणूनच हा मेकॅनिक पहिलं काम करतो ते शेपटी उचलून घोडीवर टेकवायचं. मग अर्थिंगची तार जोडतो. पाना अजून पेटीतच आहे.

(कॉकचा दांडा. हात तो बंद करतो.)

पहिला प्रश्न एकच: कॉक बंद असताना गळतं का?

बंद असताना थांबलं, तर भानगड कॉकच्या पुढे. तरीही चालूच राहिलं, तर टाकी, टाकीची तोटी किंवा खुद्द कॉक. एका दांड्याने अर्धी व्यवस्था संशयातून बाहेर पडते. यात एक फसवी जागा आहे, ती म्हणजे वाटी. कॉक बंद केल्यावरही तिच्यात थोडं पेट्रोल उरतं आणि ते काही वेळ गळत राहू शकतं. म्हणून त्याने वाटी रिकामी केली, आतून-बाहेरून पुसली आणि परत बसवली. मग नळीवरचा प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून काढला. प्रत्येक जोडाखाली पांढऱ्या टिश्यूपेपरची एक-एक पट्टी गुंडाळली, जखमेवर चिंधी बांधावी तशी.

आणि तो घड्याळ लावून बसला. अर्धा तास.

हा अर्धा तास उगाच ठरलेला नाही. मोठ्या विमानांच्या पंखातल्या टाक्या तपासताना जागा कोरडी करून तीस मिनिटांनी ओल मोजायची पद्धत आहे. पाऊण इंचाच्या आतली ओल म्हणजे नुसता डाग, दीड इंचापर्यंत झिरप, चार इंचांपर्यंत मोठी झिरप. त्यापुढे थेंब पडायला लागले किंवा ओघळ सुरू झाला की वाहती गळती. ती मापं या छोट्या टाकीला जशीच्या तशी लागू नाहीत. कबमध्ये टाकी आणि नळी माणसाच्या मांडीजवळ असते, तिथे झिरपसुद्धा खपवून घ्यायची नसते. पण कोरडं करा, थांबा, मग बघा, ही शिस्त मात्र तीच. माझं मत विचाराल तर या कामात अवजारांच्या पेटीपेक्षा स्टुलाची गरज जास्त असते.

(पट्ट्या, एकामागून एक. वरून दुसऱ्या पट्टीवर निळी कड उमटत जाते.)

अर्ध्या तासानंतरचं हे दृश्य. वाटी आतून ठणठणीत कोरडी. बाहेरून ओली! रिकाम्या वाटीच्या तळाशी चक्क थेंब लोंबतोय. म्हणजे पेट्रोल तिच्यातून आलेलं नाही, तिच्या अंगावरून आलंय. वर जाऊ. फायरवॉलला जिथून नळी आरपार जाते, तिथली पट्टी निळी. पलीकडे केबिनमध्ये जाऊ. कॉकला नळी जिथे जोडलीय, तिथली पट्टी निळी. त्याच्या वर टाकीच्या तोटीची पट्टी पांढरीशुभ्र.

सर्वांत वरची निळी पट्टी, तोच गुन्हेगार. खाली कितीही पट्ट्या निळ्या होवोत, त्या सगळ्या बिचाऱ्या भिजलेल्या.

आता हा जोड कुणाला आधी का दिसला नसेल? कारण मजेशीर आहे. विमानातल्या ॲल्युमिनियमच्या फिटिंगांना निळा मुलामा असतो. निळ्या नटवर निळा डाग पडला, तर दिसणार कसा! बॅटरी मारूनही तो नट आपला निळाच.

टाकीखालचा कॉक आधी घट्ट बंद होता, तरी जोड भिजला, म्हणजे बंद कॉकमधूनही किंचित पेट्रोल निसटत होतं. त्याची जुनी सील बदलावी लागणार. ते काम रटाळ, पण सोपं. गंमत जोडाची आहे. टाकी पूर्ण रिकामी करून नट सोडवला तेव्हा नळीचं तोंड हातात आलं.

(भिंगाखाली नळीचं कर्ण्यासारखं रुंदावलेलं तोंड. कडेवर केसाएवढी रेघ.)

याला फ्लेअर म्हणतात. नळीचं टोक कर्ण्यासारखं रुंद करायचं, ते फिटिंगच्या शंकूवर बसवायचं आणि मागून नटने दाबायचं. ना वॉशर, ना रबर. धातूवर धातू दाबून इंधन अडवलेलं असतं. विमानाच्या फिटिंगचा कोन ३७ अंशांचा असतो, गाड्यांच्या कामात रुळलेला ४५ अंशांचा. डोळ्यांना हा ८ अंशांचा फरक कळत नाही. गाडीच्या अवजाराने काढलेला फ्लेअर विमानाच्या शंकूवर बसतोही, नटही फिरतो. पण पूर्ण अंगाने टेकायच्या ऐवजी तो एका बारीक कड्यावर टेकतो. मग पाझरतो. मग कुणीतरी पाव फेरा आवळतो. थांबतं. सहा महिन्यांनी पुन्हा पाव फेरा. दर फेऱ्यागणिक मऊ ॲल्युमिनियम पातळ होत जातं, आणि एक दिवस ही रेघ पडते.

भिंगाखाली तेच दिसतंय. कडेपासून आत गेलेला तडा, आणि भोवती चकाकणारं, कागदासारखं चेपून गेलेलं तोंड. कुणी केलं, कधी केलं, ते आता विचारण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत या विमानाने किती हात पाहिले असतील!

तेवढ्यासाठी टेफ्लॉनची टेप गुंडाळून भागवायचा मोह होतो. ते करायचं नाही. फ्लेअरला टेप लागतच नाही, आणि टेपचा सुटलेला धागा कॉकमध्ये किंवा कार्बोरेटरच्या भोकात अडकला की इंजिन उपाशी मरतं. गळणारं विमान निदान वास तरी देतं. असा धागा आगाऊ काहीच कळवत नाही.

खराब टोक कापून नळी पुरेल का, मोजून पाहिलं. पुरत नव्हती. पूर्ण नळी नवीन वाकवली, ३७ अंशांचा फ्लेअर काढला, आणि नट ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या नेमक्या जोरावर आणून थांबवला.

(टाकी टेबलावर. झाकणाऐवजी रबरी बूच, त्यातून पारदर्शक नळी, नळीत पाणी.)

कॉकची सील बदलायला टाकी उतरवलीच आहे, तर तीही तपासून घेऊ. तोंडं बंद करून आत किंचित हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. किंचित म्हणजे किती? पाण्याची पातळी ३५ सेंटीमीटर चढेल इतकीच, साधारण अर्धा पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर अर्धा पौंड दाब. ऐकायला नगण्य वाटतं. पण टाकीची भिंत ३० बाय ५० सेंटीमीटरची धरली, तर तेवढ्याने तिच्यावर ५० किलोंहून जास्त भार येतो. कॉम्प्रेसरची नळी थेट लावली, तर टाकीचा फुगा होईल. बुडबुडे आले नाहीत. टाकी शाबूत.

भोक निघालं असतं, तर मात्र खरी काळजी होती. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती स्फोटक होते, आणि ‘रिकाम्या’ टाकीत नेमकं तेच मिश्रण सापडतं. पूर्ण धुऊन, वाफ काढून टाकल्याशिवाय तिच्याजवळ कुणी वेल्डिंगचं नाव काढत नाही.

सगळं परत जोडलं. टाकी भरली. कॉक उघडला. अर्धा तास. पट्ट्या पांढऱ्या.

आणि इंजिनाखालून टप्प.

(मेकॅनिकचा चेहरा. तो काही बोलत नाही.)

ही दुसरी गळती. पहिलीच्या आवाजात हिचा आवाज लपला होता. थेंब पडतोय कार्बोरेटरच्या हवा खेचण्याच्या तोंडातून. सेकंदाला एक. थेंब २० ला एक मिलिलिटर धरा, तर तासाला १८० मिलिलिटर, दिवसाला चार लिटरच्या वर. कार्बोरेटरच्या पोटात तरंगणारा फ्लोट असतो. पातळी चढली की तो एका सुईला वर दाबतो आणि इंधन बंद होतं, संडासाच्या टाकीत होतं तसंच. सुई आणि तिची बैठक यांच्यात कचऱ्याचा कण आला, किंवा सुईला खाच पडली, की पातळी चढतच राहते आणि जास्तीचं बाहेर सांडतं. इंजिन चालू असताना हे कळत नाही. जास्तीचं सगळं ते पिऊन टाकतं. उतरल्यावर वैमानिक शिस्तीत कॉक बंद करतो, तेव्हाही कळत नाही. कॉक उघडा ठेवून विमान उभं करणारा आळशी माणूस भेटला, तरच ही गळती समोर येते.

कार्बोरेटर उघडला. सुईच्या टोकाभोवती घासून पडलेलं कडं होतं. सुई आणि बैठक जोडीनेच बदलली, कारण एकटी सुई जुन्या बैठकीशी जमवून घेत नाही. शेवटी प्रवाहाची चाचणी: शेपटी खाली, नाक चढाईच्या कोनात, नळी कार्बोरेटरपाशी सोडवून मापाच्या भांड्यात. पंप नसलेल्या व्यवस्थेत टेकऑफला इंजिन जेवढं पितं, त्याच्या दीडपट तरी यायला हवं. आलं. परवानाधारक इंजिनिअरने बघून लॉगबुकात सही केली.

(दुसरा दिवस, सकाळ. विमानाखाली अंथरलेला पांढरा कागद.)

रात्रभर कॉक मुद्दाम उघडा ठेवला होता. वास नाही. कागद ओढून उजेडात आणला. मधोमध एक डाग आहे.

बोट लावून पाहिलं. चिकट, काळपट.

तेल आहे. जुनं इंजिन, एवढं चालायचंच.