जुना थ्रीडी मॉनिटर लिनक्सवर चालतो! पण घेण्याआधी एवढं बघा

नमस्कार मंडळी! मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड मॉनिटरची थप्पी लागलेली असते ना, त्यात कधीतरी एखादा थ्रीडी मॉनिटर निघतो. दुकानदार तो साध्या मॉनिटरच्या भावात देतो, कारण "थ्रीडी आता बंद झालं." बंद झालं हे खरंच आहे. एलजी आणि सोनीने २०१७ मध्ये थ्रीडी टीव्ही काढणं थांबवलं. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने २०१९ मध्ये ४१८ मालिकेनंतरच्या ड्रायव्हरमधून (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) थ्रीडी व्हिजन ही आपली थ्रीडीची सोय काढून टाकली. पण पॅनेल अजून ठणठणीत आहे, आणि आपल्याकडे लिनक्स आहे.

घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. डाव्या डोळ्याचं चित्र डाव्याच डोळ्यापर्यंत पोचवायचं काम कोण करतं? मॉनिटरची काच करते की ड्रायव्हर करतो? काच करत असेल तर बिनधास्त घ्या. ड्रायव्हर करत असेल तर कंबर कसून बसा.

काचेवाल्यांपासून सुरुवात करू. एलजीचे पोलराइज्ड टीव्ही आणि मॉनिटर, झालमनचे मॉनिटर हे सगळे या जातीचे. पडद्यावर एक पातळ फिल्म असते. तिच्यामुळे एका आड एक ओळीचा प्रकाश वेगळ्या दिशेने पोलराइज होतो. चष्म्याची प्रत्येक काच त्यातला एकाच दिशेचा प्रकाश आत सोडते. चष्म्यात ना बॅटरी ना सर्किट. १०८० ओळींपैकी ५४० एका डोळ्याला, ५४० दुसऱ्याला. म्हणजे संगणकाने फक्त दोन चित्रं ओळीआड ओळ गुंफून पाठवायची. त्याला कसला ड्रायव्हर लागतोय? एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये एफएफएमपेगचा (व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या साधनाचा) स्टिरिओ थ्रीडी फिल्टर लावा, काम झालं. कमांड पडद्यावर आहे, व्हिडिओ थांबवून उतरवून घ्या.

(पडद्यावर: कमांड)

तरीही पहिल्या दिवशी बहुतेकांना सगळं दोन-दोन दिसतं. कारण मध्येच कोणीतरी चित्र ताणतं. डेस्कटॉपचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर असेल, नाहीतर टीव्ही कडा कापून चित्र मोठं करत असेल. एक पिक्सेलही इकडचा तिकडे झाला की डाव्या डोळ्याची ओळ उजव्याच्या पट्टीत जाऊन बसते. हे तपासायला मी एक चित्र बनवलंय. बघा, एक ओळ पांढरी, एक काळी, बस्स. ते फुल स्क्रीन लावा, चष्मा घाला आणि एक डोळा मिटा. पडदा पांढरा दिसला पाहिजे. आता दुसरा डोळा मिटा, पडदा काळा. दोन्ही डोळ्यांना राखाडी दिसतंय? मग स्केलिंग १०० टक्के करा, टीव्हीवर 'जस्ट स्कॅन' (कडा न कापता चित्र दाखवणारी सेटिंग) चालू करा आणि पुन्हा बघा. पांढरं-काळं नीट दिसलं, तरच सिनेमा लावा. सिनेमा ७२० ओळींचा असेल तर आधी तो पॅनेलच्या मापाचा करायचा, ओळी गुंफायच्या सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकवू नका. आणि डोळे पडद्याच्या मध्याच्या उंचीला ठेवा, वरून वाकून बघितलं की सावल्या दिसणारच.

डीएलपी लिंकवाले प्रोजेक्टरही सोपे. दोन फ्रेमच्या (चित्रांच्या) मध्ये प्रोजेक्टर स्वतःच एक झपकारा टाकतो आणि चष्मा तो बघून सिंक होतो, म्हणजे योग्य वेळी योग्य डोळा झाकतो. लिनक्सला त्यातलं काही कळायची गरजच नाही.

आता थ्रीडी व्हिजन, म्हणजे ड्रायव्हरवाली जात. १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा) मॉनिटर, डोळे आळीपाळीने झाकणारा शटरचा चष्मा आणि यूएसबीला लावायचा तो छोटा पिरॅमिडसारखा एमिटर. मॉनिटर एकदा डावी फ्रेम दाखवतो, एकदा उजवी. प्रत्येकीला जेमतेम ८.३ मिलिसेकंद. तेवढ्यात एमिटरने इन्फ्रारेडने चष्म्याला सांगायचं की आता कुठला डोळा. लिनक्सवर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये स्टिरिओचा पर्याय आहे, थ्रीडी व्हिजनसाठी त्याचा आकडा १०. पण तो क्वाड्रो या व्यावसायिक कार्डांसाठी. जीफोर्स या गेमिंगच्या कार्डवाल्यांना कंपनीने काहीच दिलं नाही.

ते काम लोकांनी केलं. एमिटर आणि विंडोजचं यूएसबीवरून चाललेलं बोलणं उलगडून त्यांनी 'लिबएनव्हीएसटीयूएसबी' नावाची लायब्ररी लिहिली. कंपनीकडून एक कागद न मिळता! मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. एमिटरचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) त्याच्यात कायमचं राहत नाही, दर वेळी संगणकाने ते आत भरावं लागतं. म्हणून ती फाइल विंडोजच्या जुन्या ड्रायव्हरमधून काढून घ्यायची, लायब्ररीबरोबर त्यासाठी साधन आहे. मग यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या सोयीचा) नियम लिहून एमिटर वापरायची परवानगी द्यायची. आणि पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या वेलँड या व्यवस्थेऐवजी जुन्या एक्स इलेव्हनवर बसायचं, कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून दाखवणारा प्रोग्राम) बंद करून. एक फ्रेम जरी हुकली तरी डावं-उजवं उलटतं आणि डोक्याला झिणझिण्या येतात.

आपल्याकडची एक खास अडचण सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एरवी ते जाणवत नाही. पण १२० हर्ट्झवर चष्म्याचा प्रत्येक डोळा ६० वेळा उघडतो. ही दोन गणितं जुळत नाहीत आणि अख्खी खोली फडफडायला लागते. मॉनिटर १०० हर्ट्झवर आणा, डोळा ५० वेळा उघडेल आणि खोली शांत होईल. नाहीतर सरळ ट्यूब बंद करून एलईडी बल्ब लावा, आतलं सर्किट चांगलं असलेला.

एचडीएमआय केबलवरून दोन्ही चित्रं पूर्ण मापात पाठवायच्या पद्धतीचं, म्हणजे फ्रेम पॅकिंगचं, थोडक्यात. दोन १०८० ओळींची चित्रं एकाखाली एक, मध्ये ४५ ओळींची फट, एकूण २२०५. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) स्टिरिओ मोडची सोय ३.१३ पासून आहे, पण डेस्कटॉप ती वापरत नाहीत. नुसता २२०५ ओळींचा मोड बनवून भागत नाही, सोबत "हे थ्रीडी आहे" असं सांगणारं माहितीचं पाकीटही टीव्हीला जावं लागतं. टीव्हीवर बघायचं असेल तर या भानगडीत पडू नका. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी पाठवा आणि रिमोटवरून थ्रीडी चालू करा. आडवं रिझोल्यूशन निम्मं होतं, पण लगेच चालतं.

दुकानात जाताना लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट चालू होतं) न्या, त्यात ते पट्ट्यांचं चित्र टाकून. पोलराइज्ड मॉनिटर असेल तर थिएटरमधला रिअलडी पद्धतीचा चष्माही चालतो, तो खिशात ठेवा. एमिटर घेत असाल तर तो लावून यूएसबीची यादी काढा, त्यात ०९५५:०००७ हा एमिटरचा क्रमांक दिसायला हवा. शटरच्या चष्म्यात मात्र आत बसवलेली बॅटरी असते आणि ती इतक्या वर्षांनी बहुतेक वेळा गेलेली असते. मिनी यूएसबीची केबल सोबत न्या, तिथेच चार्जिंगला लावा. दिवा लागला नाही, तर चष्म्याचे पैसे भावातून कमी करायला सांगा.