पात्याचं टोक कुठंय ते आधी बघा

मी इथे टेबलावर दोन चाकू ठेवलेत, दोन्ही घडीचे, दोन्हींची पाती जवळपास सारख्याच लांबीची, आणि खाली एक जाड पुठ्ठा. आता पहिला उघडतो आणि टोकाने पुठ्ठ्यावर सरळ रेघ कापतो. माझ्या तोंडाकडे नको, कोपराकडे बघा. गेलं ना वर? मनगटही वाकलं. आता दुसरा घेतो, पुठ्ठा तोच. कोपर जागच्या जागी, मूठ जवळजवळ टेबलाला समांतर, आणि रेघ पहिलीपेक्षा सरळ आलीय. माझ्या हातात काही खास कसब नाहीये हो, फरक एवढाच की पहिल्या पात्याचं टोक वर आहे, पाठीच्या म्हणजे बिनधारेच्या बाजूला, आणि दुसऱ्याचं खाली, जवळजवळ धारेच्या रेषेत. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचंच पाल्हाळ.

चाकू घेताना लोक स्टील कुठलं यावर तासन्‌तास वाद घालतात, मूठ हाडाची की शिंगाची की लाकडाची यावर त्याहून जास्त, आणि पात्याचा आकार मात्र फोटोत जो छान दिसेल तो घेतात. स्टील मध्यम असलं तर चार दिवस आधी धार लावावी लागेल, बस्स. आकार चुकला तर रोज प्रत्येक कापणीला हात वाकडा करावा लागतो, आणि माणसाला वाटतं चाकूच बेकार आहे.

फोटोत सगळ्यात छान दिसतो तो क्लिप पॉइंट. पाठीचा पुढचा भाग तिरका किंवा किंचित आत वळवून छाटल्यासारखा, म्हणून क्लिप. टोक बारीक होतं आणि धार पुढे जाऊन वर चढते, त्या चढणाऱ्या फुगीर भागाला आपण पोट म्हणू. पोट वाईट नसतं. कातडी सोलायची असेल, काहीतरी लांब सपासप कापत जायचं असेल, तर पोटच लागतं, कारण हात फिरवला की धार आपोआप सरकत जाते. शिकारीला जाणाऱ्यांच्या चाकूत क्लिप का असतो ते यावरून कळेल. पण तुम्ही आम्ही दिवसभर काय कापतो? दोरी, चिकटपट्टी, पुठ्ठ्याचे खोके, पाकिटं, पेन्सिल, एखादी प्लॅस्टिकची पट्टी. दोरी पोटावर घेऊन ओढा, ती टोकाकडे घसरते आणि सुटून जाते. सरळ धारेवर घ्या, तिला पळायला जागाच नाही, कापलीच जाणार.

सरळ धारेची जी मंडळी आहेत त्यात तीन नावं लक्षात ठेवा. शीप्सफूट म्हणजे धार सरळ, पाठही बराच वेळ सरळ आणि शेवटी एकदम गोल होऊन खाली उतरते, टोक असं जवळजवळ नाहीच. मेंढ्यांचे खूर छाटायला वापरत, नाव त्यावरून. जहाजावरच्या लोकांनाही हेच आवडायचं, हलत्या डेकवर दोर कापताना टोक शिडात किंवा शेजाऱ्याच्या मांडीत घुसायला नको. व्हॉर्नक्लिफमध्ये पाठ खूप आधीपासून उतरायला लागते आणि हळूहळू धारेला येऊन मिळते, त्यामुळे टोक सुईसारखं होतं. हे नाव इंग्लंडमधल्या लॉर्ड व्हॉर्नक्लिफवरून आलं असं सांगतात. आणि या दोघांच्या मधला लँब्सफूट, पाठ आणि धार दोन्ही सरळ, पण पाठ सबंध लांबीभर किंचित धारेकडे झुकलेली. हा इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावच्या चाकूंमध्ये भरपूर दिसतो आणि माझं मत विचाराल तर कामाचा चाकू म्हणून याच्याइतका समजूतदार आकार दुसरा नाही. कुठे शीप्सफूट संपतो आणि कुठे लँब्सफूट सुरू होतो यावर भांडणारे लोक आहेत, त्यांना भांडू द्या.

आता जरा यंत्राकडे येऊ, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पारंपरिक घडीच्या चाकूत लॉक नसतो. मुठीच्या पाठीला एक स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडावर दाबून बसते, उघडल्यावर पातं तिथे टिकतं ते फक्त त्या दाबामुळे. म्हणजे धारेने खाली दाबून कापताय तोपर्यंत काही धोका नाही, उलट समोरची वस्तू पात्याला अजून उघडण्याच्या दिशेने ढकलते आणि तिकडे ते अडलेलंच असतं. पण पाठीवर दाब आला, किंवा रुतलेलं टोक हलवून हलवून काढायला गेलात, की पातं मिटतं आणि खाली तुमची बोटं असतात.

आणि इथे टोकाची जागा परत येते. पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्यापेक्षा टोक खाली असेल, जसं व्हॉर्नक्लिफचं असतं, तर स्वतःकडे ओढून कापताना सगळा जोर पातं उघडं ठेवायलाच मदत करतो. पण त्याच टोकाने समोर काही भोसकायला गेलात तर तोच जोर उलटा होतो, पातं मिटायला बघतं. टोक खिळ्याच्या रेषेत असेल तर सरळ टोचताना तो प्रश्न फारसा येत नाही. त्यामुळे ज्याला सारखं भोकं पाडायचं काम आहे त्याने व्हॉर्नक्लिफचं सुईसारखं टोक बघून भुलू नये, ते टोक ओढायचं आहे, खुपसायचं नाही. खरं तर भोकं पाडायला टोचाच घ्यावा, स्विस सैनिकांच्या चाकूच्या १८९० च्या मॉडेलमध्येही पात्याच्या जोडीला वेगळा टोचा दिलेला होता, तो काही उगाच नाही.

त्याच मॉडेलचं मोठं पातं स्पिअर पॉइंट होतं, भाल्यासारखं, टोक बरोबर मध्यावर. मधला मार्ग. थोडं पोट, थोडी सरळ धार, टोकही मजबूत. ज्याला आपल्याला नक्की काय कापायचंय हेच माहीत नाही त्याने हा घ्यावा आणि सहा महिन्यांनी परत विचार करावा. याचंच छोटं भावंड म्हणजे पेन ब्लेड, पक्ष्याच्या पिसाची लेखणी तासायला असायचं ते, लेखणी गेली तरी नाव राहिलं. आणि ओपिनेल नावाचा फ्रेंच घडीचा चाकू घेणाऱ्यांसाठी एक सांगतो, त्याचं किंचित वर वळलेलं पातं तुर्की यातागान तलवारीच्या वळणाचं आहे, आणि १९५५ पासून त्याच्या मोठ्या आकारांना पातं अडवणारं फिरतं कडं बसवलेलं असतं, म्हणजे वर जे मिटण्याचं पुराण सांगितलं ते त्यांना लागू नाही, कडं फिरवायला विसरला नाहीत तर.

स्पे नावाचं एक विचित्र पातं दिसेल, बोथट नाकाचं, जनावरांच्या खच्चीकरणासाठी बनवलेलं. काही जुन्या स्पे पात्यांवर 'फॉर फ्लेश ओन्ली' असं कोरलेलं असतं, कारण त्याची धार फार पातळ काढलेली, लाकडावर चालवली तर गेली. तीन पात्यांच्या स्टॉकमन चाकूत क्लिप, शीप्सफूट आणि स्पे एकत्र येतात, आणि लोक म्हणतात मग प्रश्नच मिटला, सगळे आकार खिशात. मिटत नाही हो. तीन पाती एका मुठीत कोंबायची म्हणजे प्रत्येक पातं बारीक होतं, काही वेळा शेजाऱ्याला चुकवायला बुडाशी थोडं वाकवावं पण लागतं, आणि मूठ जाड. शिवाय माझा अनुभव असा की तीनातलं एकच पातं झिजतं.

बंद चाकूही बघायचा असतो, हे दुकानात कोणी करत नाही. शीप्सफूट रुंद असतो, मिटल्यावर पाठीचा बराच भाग मुठीच्या वर राहतो, नखाची खाच, म्हणजे उघडताना नख अडकवायची ती, सहज सापडते पण खिशात जरा बोचतो. क्लिप मुठीत छान बुडतो. मात्र मिटलेल्या चाकूवरून टोकाच्या जागी बोट हलकेच फिरवा, काही लागलं तर तो ठेवून द्या आणि दुसरा मागा.

धारेचं म्हणाल तर सरळ पातं दगडावर कोणालाही जमतं, कोन धरला की झालं. पोट असेल तर टोकाकडे जाताना मूठ थोडी थोडी उचलावी लागते, नाहीतर पुढचा भाग बोथट राहतो. सरळ पात्याचा एकच त्रास, टोक दगडाच्या कडेवरून खाली घसरलं की ते गोल होतं, म्हणून टोक दगडावरच असताना थांबायचं.

मी स्वतः पहिला चाकू घेतला तो अर्थातच क्लिप, फोटो बघूनच. दोन महिन्यांत रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना टोक तुटलं, तांदळाच्या दाण्याएवढं. चूक शंभर टक्के माझी. नवीन टोक काढायचं तर घासायचं पाठीकडून, धारेकडून नाही, कारण धारेकडून घासलं तर टोक वर जातं आणि चाकू मिटल्यावर मुठीबाहेर डोकावतं. मशीनवरही नाही घासलं, पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. खरखरीत दगड, पाणी आणि दोन संध्याकाळी. पाठ उतरत उतरत धारेजवळ आली, पोट थोडंसंच राहिलं, आणि झाला ओबडधोबड शीप्सफूट. मघाशी पुठ्ठ्यावर दुसरा चालवला ना, तो हाच. आणि पहिला, ज्याने माझं कोपर वर नेलं, तो त्याच मॉडेलचा नवाकोरा, मी रागाने परत विकत घेतलेला. आठ वर्षं झाली, ड्रॉवरमध्ये पडून असतो, फक्त असं काही दाखवायचं असलं की बाहेर येतो.

मागून एकांनी विचारलंय की डावखुऱ्यांनी कुठला आकार घ्यावा. आकार कुठलाही घ्या, नखाची खाच बघा. बऱ्याच चाकूंना ती एकाच बाजूला असते आणि उजव्या हाताच्या माणसाचा विचार करून काढलेली असते, तेव्हा घेण्याआधी स्वतःच्या हाताने चारपाच वेळा उघडून मिटून बघा, आणि मिटताना फटकन सोडू नका, धार आत स्प्रिंगवर आपटते.