हान्सला घोड्याची भीती का वाटली? एक केस, तीन थिअऱ्या

व्हिएन्ना, जानेवारी १९०८. रस्त्यावर मोटारी अजून फारशा नाहीत. माल असो की माणसं, सगळं घोडागाडीनेच जातं, आणि अशा शहरात पावणेपाच वर्षांचा एक मुलगा घराबाहेर पडायला तयार नाही, कारण त्याला वाटतं घोडा चावेल.

पुस्तकांमध्ये त्याचं नाव लिट्ल हान्स. खरं नाव हर्बर्ट ग्राफ. वडील माक्स ग्राफ, संगीत समीक्षक, आणि मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडच्या मंडळातले. आई ओल्गा, एके काळी फ्रॉइडचीच पेशंट. आणि फ्रॉइडने १९०९ साली ही केस छापली तेव्हापासून आजपर्यंत सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना ती शिकवली जाते, पण बहुतेक वेळा एका पानात उरकतात, मुलाला आई हवी, वडिलांची भीती, ती भीती घोड्यावर गेली, झालं. मूळ नोंदी वाचल्या तर तिथे एक मूल पानोपानी बोलतंय, आणि मला वाटतं ही केस समजून घ्यायची असेल तर थिअरीच्याही आधी त्याचं बोलणं ऐकायला हवं.

सुरुवात घोड्यापासून झालेली नाही, हे आधी लक्षात घ्या. हान्स एके दिवशी सकाळी रडत उठला. स्वप्न पडलं होतं की आई गेली, आता लाड करायला आई नाही. मग काही दिवसांनी दाईबरोबर बागेत निघाला तर रस्त्यातच रडायला लागला, मला घरी आईकडे जायचंय म्हणून. दुसऱ्या दिवशी आई स्वतः त्याला घेऊन शोनब्रुनला, म्हणजे तिथल्या राजवाड्याच्या बागेत गेली, तरी घाबरलेलाच, आणि परत येताना खूप आढेवेढे घेऊन म्हणाला, घोडा चावेल अशी भीती वाटत होती. म्हणजे आधी आई जाण्याची भीती, नंतर घोडा.

आता फ्रॉइड काय म्हणतो ते बघू. फ्रॉइडच्या मते हा ईडिपस गंड. मुलाचं आईवर प्रेम, वडील मध्ये येतात, त्यांचा राग येतो, पण वडील आवडतातही, म्हणून तो राग आणि वडील शिक्षा करतील ही भीती दोन्ही घोड्यावर सरकवली जाते. हान्सला घोड्याच्या डोळ्यांपुढच्या आणि तोंडाभोवतीच्या काळ्या गोष्टीची जास्त भीती वाटायची, तर फ्रॉइडने विचारलं, हा वडिलांचा चष्मा आणि मिशा तर नव्हेत? दिनांक ३० मार्च १९०८, या सगळ्या उपचारात फ्रॉइड त्या मुलाला भेटला तो या एकाच दिवशी. बाकी सगळं वडिलांनी केलं, त्यांनीच प्रश्न विचारायचे, त्यांनीच लिहून फ्रॉइडला पाठवायचं. भेटीनंतर घरी जाताना हान्सने वडिलांना विचारलं, प्रोफेसर देवाशी बोलतात का, त्यांना सगळं आधीच कसं कळतं?

इथे थोडं थांबायला हवं. लहान मुलांनाही लैंगिक भावना असतात हे फ्रॉइडचं मत १९०५ सालीच छापून आलेलं होतं आणि त्याला आधार मिळावा म्हणून ओळखीच्या लोकांना तो मुलांच्या नोंदी ठेवायला सांगत होता. माक्स ग्राफ त्यांच्यातलेच एक. म्हणजे भीती सुरू व्हायच्या आधीपासून वडील कशाच्या शोधात आहेत हे ठरलेलं, आणि प्रश्नही तसेच पडतात, मूल नाही म्हणालं तरी पुन्हा विचारलं जातं. तरीही मी फ्रॉइडला एका गोष्टीचं श्रेय देईन आणि ते मनापासून देईन. १९०८ साली चार-पाच वर्षांच्या मुलाच्या भीतीला हट्ट न म्हणता, त्याला दटावून गप्प न करता, त्याचं बोलणं शब्दशः लिहून छापणं ही लहान गोष्ट नाही, आणि ते छापलं म्हणूनच पुढच्या लोकांना त्याच्याशी भांडता आलं.

भांडायला आले जोसेफ वोल्पे आणि स्टॅन्ली रॅकमन, १९६० साली. दोघंही मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, दोघंही वर्तनवादी, म्हणजे भीतीसारखी वागणूक अनुभवातून शिकली जाते असं मानणारे. त्यांनी नवीन काही शोधलं नाही, फ्रॉइडनेच छापलेला मजकूर घेतला आणि म्हणाले, मुलाने स्वतः काय सांगितलंय ते वाचा. हान्स आपल्या भीतीला 'वेडेपणा' म्हणायचा, आणि हा वेडेपणा कधी लागला हे तो साफ सांगतो. आईबरोबर जात असताना प्रवासी गाडीचा एक मोठा घोडा रस्त्यात कोसळला, पाय झाडायला लागला, हान्सला वाटलं मेला, आणि तेव्हापासून. आईनेही हा प्रसंग खरा असल्याचं सांगितलं. शिवाय आधीच्याही गोष्टी होत्या, ग्मुंडेन या गावी सुट्टीत असताना एका मैत्रिणीच्या वडिलांनी तिला बजावलेलं, पांढऱ्या घोड्याला बोट लावू नको, चावेल. आणि घोडा-घोडा खेळताना एक मित्र पडला, पायातून रक्त आलं. वोल्पे-रॅकमन यांचं म्हणणं, घोडा आणि धक्का हे असे पुन्हा पुन्हा एकत्र आले की भयगंड तयार होतो, यालाच अभिसंधान किंवा कंडिशनिंग म्हणतात, त्यासाठी ईडिपस लागत नाही. फ्रॉइडला हा घोड्याचा प्रसंग माहीत होता, त्याने तो निमित्त मानला, मूळ कारण मानलं नाही, एवढाच फरक, पण उपचार ठरवताना हा फरक फार मोठा होतो.

आणि ही थिअरी एक गोष्ट फार छान उलगडते. ग्राफांच्या घरासमोर करखात्याचं गोदाम होतं, दिवसभर भरलेल्या गाड्या आत-बाहेर. हान्सला कुठलाही घोडा नाही, तर ओझ्याने लादलेल्या, फाटकातून वळणाऱ्या गाडीचा घोडा जास्त भीतीदायक वाटायचा, कारण तोच पडण्याची शक्यता जास्त.

पण मग पहिलं स्वप्न? आई गेली हे? ते कंडिशनिंगमध्ये नीट बसत नाही, आणि इथे मला जॉन बोल्बी सगळ्यात जवळचा वाटतो. अटॅचमेंट थिअरीवाला, म्हणजे मुलाचं आईवडिलांशी असलेलं घट्ट नातं आणि ते तुटण्याची भीती अभ्यासणारा बोल्बी, १९७३च्या पुस्तकात त्याने ही केस परत उघडली. त्याने बोट ठेवलं ते एका संवादावर, जो सगळ्यांनी वाचला होता पण सोडून दिला होता. हान्स वडिलांना सांगतो, तुम्ही बाहेर गेलात की मला वाटतं तुम्ही परत येणार नाही. वडील विचारतात, मी कधी तसं म्हणालोय का? तो म्हणतो, तुम्ही नाही, आई म्हणाली. आई म्हणाली ती परत येणार नाही. वडील म्हणतात, तू वाईट वागलास म्हणून म्हणाली असेल. आणि विषय संपतो! मुलाने मनातली गोष्ट सांगितली, वडिलांनी ती तिथेच मिटवली, कारण ते वेगळंच काहीतरी शोधत होते. त्यात वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर १९०६ मध्ये, धाकटी बहीण हाना जन्मली तेव्हा हान्सला आईपासून दूर ठेवलं होतं. बोल्बीच्या दृष्टीने घोडा हा दुसरा थर आहे, पहिला थर आई सोडून जाईल हा.

मला बोल्बीही पूर्ण पुरत नाही. नेमका घोडाच का, तेही भरलेल्या गाडीचाच का, याला वोल्पे लागतो. पण केस समजून घेणं म्हणजे एक थिअरी जिंकवणं नव्हेच, क्लायंटचं प्रत्येक वाक्य त्या थिअरीत बसतं का हे तपासायचं, आणि जे वाक्य बसत नाही ते बाजूला टाकायचं नाही, तिथेच जास्त वेळ बसायचं.

हान्स मे महिन्यापर्यंत बराच सावरला होता. १९२२ मध्ये एकोणीस वर्षांचा हर्बर्ट फ्रॉइडला भेटायला गेला, धडधाकट, आणि म्हणाला स्वतःची केस वाचली पण काहीच आठवत नाही, ग्मुंडेनच्या प्रवासाचं तेवढं अंधुक काहीतरी. आईवडिलांचा तोवर घटस्फोट झालेला. पुढे तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दिग्दर्शक झाला आणि १९७३ मध्ये वारला.

आज असा मुलगा काउन्सेलरकडे आला तर दोन कामं एकदमच सुरू करता येतात. एक, पायऱ्यापायऱ्यांनी सराव, आधी खिडकीतून गाड्या बघायच्या, मग दारात उभं राहायचं, मग फाटकापर्यंत, जबरदस्ती न करता आणि त्याच्या वेगाने. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सने सशाला घाबरणाऱ्या पीटरला आवडीचा खाऊ देत देत ससा जवळ आणला होता, साधारण तसंच. दुसरं काम आईबरोबर. तिला दोष न देता, वेगळं बसवून विचारायचं, तुम्ही इतक्या थकता कधी की परत येणार नाही म्हणता, घरात मदतीला कोण आहे, तुमचं आणि यांचं कसं चाललंय? १९०८च्या नोंदींमध्ये तिचं बोलणं जवळजवळ सगळं नवऱ्याच्या हातून लिहिलेलं आहे. आणि मग मुलाला रोज स्पष्ट सांगायचं, मी बाजारात जातेय, जेवायच्या आधी येते, आणि खरंच त्या वेळेला यायचं.