हिला बी-कॉम्प्लेक्स द्यायचं का?

[पहाटेचा गोठा. गव्हाणीशी उभी गाय.]

ही गाय व्यायली त्याला आज आठ दिवस झाले. दूध रोज चढतंय, आणि गव्हाणीतला खुराक मात्र निम्मा तसाच पडलाय. अशा वेळी गोठ्यात हमखास विषय निघतो: हिला बी-कॉम्प्लेक्स द्यायचं का?

उत्तर तिच्या डाव्या कुशीत आहे.

[कुशीवर टेकवलेला तळहात.]

इथे कोटीपोट, म्हणजे गाईच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा. हात ठेवून थांबलं, तर मिनिटाला एक-दोन वेळा ते ढवळलेलं कळतं. आतल्या प्रत्येक मिलिलिटर रसात अब्जावधी जिवाणू चारा आंबवत असतात, आणि ते करता करता ब गटातली जीवनसत्त्वं, म्हणजे बी-कॉम्प्लेक्सच, बनवतात. १९२८ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. तेव्हापासून समज रुजला, की मोठ्या जनावराला ही जीवनसत्त्वं वरून द्यायला नकोत. वासराचं निराळं; त्याचं कोटीपोट चालू होईपर्यंत दूध हाच आधार.

त्या काळच्या गाईपुरता हा समज बरोबरही होता. तीस लिटर देणारी गाय तेव्हा विरळा.

[धार काढण्याचं यंत्र. नळीतून वाहणारं दूध.]

एक लिटर दूध बनायला सुमारे सत्तर ग्रॅम ग्लुकोज लागतं. तीस लिटरला दोन किलो, तेही रोज. चाऱ्यातून गाईला आयतं ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही. कोटीपोटात तयार झालेल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ते घडवतं. त्या वाटेवरची एक पायरी ब-१२ शिवाय ओलांडता येत नाही.

आणि ब-१२ च्या गाभ्यात असतो कोबाल्टचा एक अणू. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या काही भागांत हिरव्यागार कुरणात चरूनही गुरं-मेंढ्या खंगत. मातीत कोबाल्ट कमी, हे १९३० च्या दशकात कळलं. ब-१२ हाती लागलं ते १९४८ मध्ये. कोबाल्ट लागतं किती? किलोभर कोरड्या चाऱ्यामागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम. ते मिळालं की ब-१२ बनवायचं काम जिवाणूंचं.

पण आपली गाय खातच नाहीये. ती कमी खाते, म्हणून जिवाणूंनाही कमी मिळतं; आणि नेमकी याच आठवड्यांत गरज सर्वांत जास्त. अंगावरची चरबी वितळून यकृताकडे धावते, किटोसिस, म्हणजे रक्तात किटोन साठण्याचा आजार, दाराशी येतो. वरून देण्याचा विचार इथे रास्त ठरतो. अडचण एवढीच, की तोंडावाटे पाजलेल्या साध्या नायासिनचा किंवा फॉलिक आम्लाचा (दोन्ही ब गटातलीच) बराचसा भाग कोटीपोटातले जिवाणूच फस्त करतात. बाटलीभर टॉनिक पाजल्याचं समाधान मालकाला, मेजवानी जिवाणूंना! म्हणून जिवाणूंपासून वाचवायला वेष्टण चढवलेले जीवनसत्त्वाचे दाणे निघाले. कॅनडात फॉलिक आम्ल आणि ब-१२ ची आठवड्याला एक अशी इंजेक्शनं देऊन प्रयोग झाले.

[खुराची नखी, जवळून.]

ब गटातल्याच बायोटिनचा अनुभव जरा वेगळा. दिवसाला वीस मिलिग्रॅम साधं खाऊ घातलं तरी खुरांना फायदा दिसतो. मात्र खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा पंधरा दिवसांत लंगडणं थांबेल अशी आशा धरू नये.

थायमिनचं, म्हणजे ब-१ चं, मात्र तासांवर येतं. एकदम भरडा वाढवला, कोटीपोट आंबट पडलं, की थायमिन मोडणारे जिवाणू माजू शकतात. जनावर आंधळ्यासारखं भिंतीवर आदळतं, मान मागे टाकतं. इथे घरगुती उपाय करत बसू नये. पशुवैद्याने वेळेत थायमिन टोचलं, तर तेच जनावर दिवसभरात सावरू लागतं.

[पुन्हा पहिली गाय. गव्हाणीत ताजी वैरण पडते.]

आपल्या गाईच्या मालकाने आज बाटली बाजूला ठेवलीय. आधी किटोनची तपासणी, मग पशुवैद्य ठरवतील ते. तोवर लांब धाग्याची वैरण पुढे, खुराक थोडाथोडा. ती हुंगते. एक घास घेते.

[पातेल्यात फाटलेलं दूध. वर तरंगणारं पाणी उजेडात.]

या पाण्याची हिरवट-पिवळी झाक दिसते? ते रायबोफ्लेविन. ब-२.