जखमेला पाणी लागले तेव्हा

२६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीने थायलंडच्या दक्षिणेकडील फुकेत, क्राबी यांसह सहा प्रांतांना तडाखा दिला. तेथून बँकॉकच्या दहा रुग्णालयांत हलवलेल्या ७७७ जखमींच्या नोंदी नंतर तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांपैकी ५१५ जणांच्या त्वचेत आणि त्वचेखालच्या भागात जंतुसंसर्ग झाल्याचे दिसले. लाट समुद्राची असल्यामुळे जखमांमध्ये खाऱ्या पाण्यातले जंतू सापडतील असे कोणालाही वाटले असते. परंतु सर्वांत जास्त वेळा सापडला तो एरोमोनास, म्हणजे नद्या, तळी, ओढे आणि डबकी यांच्या गोड्या पाण्यात राहणारा जिवाणू. जमिनीवर चढलेल्या लाटेत तळ्यांचे पाणी, गटारे आणि माती हे सारे मिसळले होते, आणि त्याच पाण्यात माणसे पत्र्यांवर, काचांवर, लाकडांवर आपटत वाहत गेली होती.

एरोमोनास हा काही नव्याने उपजलेला जंतू नव्हे. इटालियन शास्त्रज्ञ सानारेली यांनी १८९१ मध्येच बेडकांच्या आजाराच्या संदर्भात त्याचे वर्णन केले होते, आणि रोहू, कटला यांसारख्या माशांच्या अंगावर व्रण पाडणारा जंतू म्हणून मत्स्यशेती करणारेही त्याला ओळखतात. तो जळवेच्या आतड्यातही राहतो. त्यामुळे तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर साकळलेले रक्त काढण्यासाठी प्लास्टिक सर्जन जळवा लावतात, तेव्हा रुग्णाला आधीपासूनच या जंतूविरुद्ध प्रतिजैविक देतात. उन्हाळ्यात पाणी कोमट झाले की त्याची संख्या वाढते. पाणी निवळशंख दिसते म्हणून त्यात तो नसेल, असे मात्र समजता येत नाही.

ओढ्याच्या पाण्यात घोटा खरचटलेल्या बहुतेक माणसांना काहीही होत नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे, कारण पाण्याची भीती घालणे हा या लेखाचा हेतू नाही. मात्र जखम खोल असेल, तिच्यात चिखल किंवा काटक्या अडकलेल्या असतील, किंवा माणसाला यकृताचा जुना आजार, मधुमेह अथवा कर्करोग असेल, तर एरोमोनास साधारण आठ ते अठ्ठेचाळीस तासांत आपले अस्तित्व दाखवू लागतो. जखमेभोवती लाली आणि सूज येते, फोड उठतात, आणि क्वचित प्रसंगी संसर्ग स्नायूंवरच्या आवरणापर्यंत उतरून तेथील ऊती झपाट्याने मरू लागतात. अशा वेळी वरची जखम किरकोळ दिसते आणि वेदना मात्र असह्य असतात. ही विसंगती अनुभवी शल्यचिकित्सकाला लगेच खटकते. मग औषधाची वाट पाहत बसता येत नाही. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो, आणि कधी कधी हातपायही वाचवता येत नाहीत.

अडचण अशी की कापलेली जखम पिकली म्हणजे दवाखान्यात सहसा दिली जाणारी अमॉक्सिसिलीनसारखी औषधे एरोमोनासवर चालत नाहीत, कारण त्यांना निष्प्रभ करणारे विकर (एन्झाइम) हा जिवाणू स्वतःच तयार करतो. त्याच्यासाठी वेगळे प्रतिजैविक लागते आणि ते लवकर लागते. ते निवडताना डॉक्टरांच्या हाती पहिल्या दिवशी कल्चरचा, म्हणजे जखमेतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल नसतो. असतो तो केवळ रुग्णाने सांगितलेला वृत्तान्त. ‘पाय दगडाने कापला’ एवढेच सांगणे आणि ‘चढणीचे मासे धरताना ओढ्यात पाय दगडाने कापला’ असे सांगणे, या दोन वाक्यांवरून दोन वेगवेगळे उपचार सुरू होऊ शकतात.

जखम झाल्यावर लगेच करायचे काम साधे आहे. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने ती भरपूर धुवावी, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे. गढूळ पाण्यात झालेली खोल जखम घाईने टाके घालून बंद करण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये. ती काही दिवस उघडी ठेवण्यामागे विचार असतो, कारण आत राहिलेली घाण बंद जखमेत पू धरते. लाली तासातासाने पसरत असेल, ताप चढत असेल किंवा फोड काळपट पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरा एक जंतू याच्या अगदी उलट, फार सावकाश चालतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा नातेवाईक घरातल्या फिशटँकमध्येही असू शकतो, आणि टाकी घासताना बोटावर झालेल्या ओरखड्यातून तो शरीरात शिरतो. दोन-चार आठवड्यांनी तेथे गाठ येते, मग मनगटाकडे आणि कोपराकडे एकामागून एक गाठी उमटतात. त्याला सुमारे तीस अंश तापमान मानवते, म्हणून तो हातापायांच्या थंड त्वचेतच बहुधा राहतो, आणि प्रयोगशाळेत नेहमीच्या सदतीस अंशांवर ठेवलेल्या कल्चरमध्ये नीट वाढत नाही. घरात मासे पाळले आहेत हे तपासणीच्या चिठ्ठीवर कोणी लिहिलेच नाही, तर अहवाल कोरा येण्याची शक्यता मोठी असते.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आजार आहे मेलिऑइडोसिस. अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये रंगूनमधील रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. त्याचा जंतू भातखाचरांच्या ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, आणि पावसाळ्यात पायाच्या भेगांतून किंवा जखमांतून शरीरात येतो. भारतातील सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९९१ साली मुंबईतून प्रसिद्ध झाली होती; पुढे उडुपी, मणिपाल या कर्नाटकाच्या किनारी भागातून अनेक रुग्ण नोंदले गेले. कोकणात आणि गोव्यातही पाऊस तसाच कोसळतो आणि माणसे तशीच अनवाणी चिखलात उभी राहून लावणी करतात, त्यामुळे येथील डॉक्टरांनी हा आजार मनात ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. तो फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत गळवे करतो, पुष्कळदा क्षयासारखा भासतो, आणि त्याचा जंतू प्रयोगशाळेतल्या तबकडीवर उगवला तरी बाहेरून आलेला किरकोळ जंतू समजून बाजूला टाकला जाण्याचा धोका असतो.

मधुमेह हे या आजाराचे सर्वांत मोठे जोखमीचे कारण आहे, आणि मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या शेतकऱ्याला काटा रुतल्याचे अनेकदा कळतही नाही. अशा व्यक्तीने लावणीच्या दिवसांत गमबूट घालावेत, जखम असेल तर चिखलात उतरू नये आणि रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत किंवा घरच्या कोणाला पाहायला सांगावेत. आजार झालाच, तर आधी किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून औषध आणि त्यानंतर निदान तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. ताप उतरला, शेतीची कामे खोळंबली म्हणून त्या मध्येच थांबवल्या, तर आजार पुन्हा उलटू शकतो.