तक्त्यातला अठरावा नंबर आणि तीन पायऱ्या

(ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात, ६ ऑक्टोबर २०२५ ला गच्चीवर केलेलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय.)

नमस्कार मंडळी. मला सांगितलंय की दूध आटेपर्यंत बोल, म्हणजे वेळ माझ्या नाही, शेगडीच्या हातात आहे.

काल दिल्लीत नेहरू स्टेडियमला पॅरा अ‍ॅथलेटिक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप संपली. किती जणांनी बघितली? चार हात. ठीक आहे, काल कोलंबोला आपल्या पोरींची पाकिस्तानशी मॅच होती, मी पण अधूनमधून चॅनल बदलत होतोच, खोटं कशाला बोलू. पण दिल्लीत काय झालं ते ऐका. ब्राझील पहिला आला आणि चीन दुसरा. आता पदकं मोजा, ब्राझीलची ४४ आणि चीनची ५२. मग ब्राझील वर कसा? तर ब्राझीलची सुवर्णं १५ आणि चीनची १३. पदकांचा तक्ता आधी सोनं बघतो, सारखं झालं तर चांदी, मग ब्राँझ. एकूण किती ते कोणी विचारतच नाही. आपण २२ पदकं घेऊन दहावे, त्यात सोनं ६.

हा हिशोब किती विचित्र आहे बघा. गेल्या वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्याला ६ पदकं मिळाली आणि नंबर आला ७१. पाकिस्तानला एकच मिळालं, नदीमचा भाला, पण ते सोन्याचं, म्हणून ते ६२ वर. हसू नका, त्यावेळी आमच्या घरात यावरून दोन दिवस भांडण चाललं होतं. तसंच पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये नेदरलँड्स चौथा, ५६ पदकं, आणि ब्राझील पाचवा, ८९ पदकं. तेहतीस पदकं जास्त आणि तरी खाली, कारण सोनं २७ विरुद्ध २५. अमेरिकेतले बरेच पेपर एकूण पदकांवर यादी लावतात, त्यांचं त्यांना सोयीचं असतं.

मग लोक मला विचारतात की सर, ऑलिंपिकमध्ये ७१ आणि पॅरालिंपिकमध्ये २९ पदकं घेऊन १८, हे कसं काय, आपले दिव्यांग खेळाडू इतके पुढे? पुढे आहेतच, सुमित अंतिलचा भाला बघा, ७० मीटरच्या वर गेला. पण एक गोष्ट कोणी बघत नाही. ऑलिंपिकमध्ये इव्हेंट होते ३२९ आणि पॅरालिंपिकमध्ये ५४९. का? कारण क्लासिफिकेशन. ज्याला दिसत नाही त्याची शंभर मीटर वेगळी, सेरेब्रल पाल्सीवाल्याची वेगळी, ब्लेड लावून पळणाऱ्याची वेगळी, व्हीलचेअरची वेगळी आणि त्या प्रत्येकात परत पोटभाग. पुरुषांच्या एका शंभर मीटरच्या डझनाहून जास्त फायनल होतात. आणि हा क्लास नुसता कागदावर नसतो, दोन-तीन माणसं बसून खेळाडूला हलवून बघतात, खेळताना बघतात. आपल्याकडे घरच्यांना वाटतं सिव्हिल हॉस्पिटलचं चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे म्हणजे झालं. नाही हो. टोकियोत थाळीफेकीतलं आपलं एक ब्राँझ परत गेलं, कारण खेळाडू त्या क्लासमध्ये बसत नाही असं ठरलं. उलटही होतं. पॅरिसला भालाफेकीत नवदीपची चांदी सोन्याची झाली, कारण पुढच्या इराणी खेळाडूला बाद केलं, तेही क्लासवरून नाही, वागणुकीच्या नियमावरून, आणि ते झालं गणपती बसले त्याच दिवशी, ७ सप्टेंबरला. आम्ही रात्रीची आरती आटपून टीव्ही लावला होता.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी मी खरं तर उभा राहिलोय. त्या ५४९ इव्हेंटमध्ये अ‍ॅथलेटिक्सचे १६४ आणि पोहण्याचे १४१. म्हणजे निम्म्याहून जास्त तक्ता या दोन खेळांत ठरतो. आपली २९ पदकं कुठून आली? अ‍ॅथलेटिक्स १७, बॅडमिंटन ५, शूटिंग ४, तिरंदाजी २, ज्यूडो १. शूटिंगमधलं एक जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिसचं आणि ज्यूडोचं सीहोरच्या कपिल परमारचं, आपल्या एमपीचं, टाळ्या वाजवा की. आणि पोहण्यात? शून्य. १४१ पैकी शून्य. चीन, इटली, ब्राझील, युक्रेन हे सगळे पाण्यातून पदकं उचलतात, युक्रेनने तर घरी युद्ध चालू असताना एकूण ८२ नेली.

आणि गंमत म्हणजे आपलं पहिलं पॅरालिंपिक सोनं पाण्यातलंच. १९७२, हायडलबर्ग, मुरलीकांत पेटकर, सांगलीकडचे, फौजेतले बॉक्सर, ६५ च्या लढाईत पाठीत गोळी. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद. त्यानंतर आजपर्यंत पोहण्यात दुसरं पदक नाही. बावन्न-त्रेपन्न वर्षं झाली. आपली ग्वाल्हेरची प्राची यादवसुद्धा पोहायचीच आधी, मग कनूकडे, म्हणजे नाव वल्हवण्याच्या शर्यतीकडे गेली आणि एशियन पॅरा गेम्सचं सोनं आणलं. छान झालं, पण आपल्या हातचं पोहणं गेलं ते गेलंच.

का होतं असं? मी तीस वर्षं पीटी शिकवली, मोठं कारण मला माहीत नाही म्हणा, छोटं माहीत आहे. माझ्याकडे एक मुलगी होती, दोन्ही पायांत जोर नाही, खांदे मात्र असे की पुलअप्समध्ये मुलांना लाजवेल. तिला पोहायला न्यायचं ठरवलं. पूल कुठला ते विचारू नका. गेटपासून आत जायला तीन पायऱ्या. रॅम्प नाही. वॉचमन म्हणतो, "पीछे से ले आओ साब, जहाँ से क्लोरीन का ड्रम आता है." मागून गेलो तर चेंजिंग रूमचं दार इतकं अरुंद की खुर्चीची चाकं अडकली, मग तिच्या बाबांनी तिला पाठकुळी घेतलं, ओल्या लादीवरून, आणि मी मागून नुसता हात धरल्यासारखं करतोय, पडले असते तर मी काय करणार होतो देव जाणे. उतरायला लोखंडी शिडी. लिफ्ट वगैरे सोडाच. तीन महिने त्या बाबांनी हे रोज केलं, मग त्यांची पाठ धरली आणि पोहणं बंद.

भाल्याला काय लागतं, मैदान आणि भाला, बसून टाकायचा तर जमिनीला बांधायची एक फ्रेम. ते आपण गावात पण जमवतो. पाण्याला पूल लागतो, पाणी गरम लागतं, आत जायला वाट लागते. ग्वाल्हेरला २०२३ पासून अटल बिहारींच्या नावाचं दिव्यांग खेळांचं सेंटर आहे, ते झालं फार बरं झालं. पण मुलगी आधी गल्लीतल्या पुलात भिजली पाहिजे ना, तेव्हा कुठे सेंटरपर्यंत पोचेल.

तिची पाठकुळी बंद झाली, पण दीड वर्षाने एका ओळखीच्या माणसाने दुपारी त्याचा पूल उघडून दिला आणि दोन फळ्या टाकल्या पायऱ्यांवर. परवा तिने फोन केला, "काका, ५८ सेकंद." मग विचारलं, पेटकरांचा टाइम किती होता. मी सांगितलं ३७.३३, पण बेटा त्यांचा क्लास वेगळा, काळ वेगळा, पुरुषांची रेस, ही तुलना करायचीच नसते, आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये काका. पण किकबोर्डवर लिहायला काहीतरी नंबर पाहिजे ना."